आवाज काढून टाकला आहे

माझी बहीण आजारी नव्हती, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणून गळा काढणारे पुष्कळ आहेत आणि मला त्यांचा राग येतो. वैजंता आजारी होती, आहे. सव्विसाव्या वर्षापासून तिच्या कानात एक म्हातारी बोलते. ऊठ म्हणते, बस म्हणते, हातातला घास टाक म्हणते. गोळ्या चालू असल्या की म्हातारी लांब जाते, बंद केल्या की मांडीवर येऊन बसते. हे सगळं खरं आहे. पण त्या खऱ्या आजाराच्या नावावर आम्ही आणखी एक गोष्ट खपवली. खपवणाऱ्यांत पहिला मी होतो. तेवढं सांगायला बसलोय.

मी आप्पासो म्हेत्रे. इचलकरंजीत एका शेडमध्ये जॉबर आहे, म्हणजे माग बिघडला की पान्हा घेऊन धावणारा. गावात आता बिनधोट्याचे मोठमोठे माग आले, त्यांना माणूस कमी लागतो. आमच्या मालकाकडं मात्र अजून अठ्ठेचाळीस साधे माग आहेत आणि ते सगळे एकदम चालले की तिथं माणसाचा आवाज चालत नाही. कानाला तोंड लावून बोंबललं तरी अर्धं कळतं. म्हणून आम्ही ओठांवरनं बोलतो. आवाज काढायचा नाही, तोंड नीट हलवायचं, समोरचा वाचतो. सहा माग सोडून पलीकडून माझा बाप विचारायचा, जेवलास का, आणि मी तिथूनच सांगायचो, भाजी खारट झालीय. मालक आला की नाक पुसायचं, ही खूण. आमच्यातलं पोर अक्षरं शिकायच्या आधी ओठ वाचतं.

वैजंता माझ्यापेक्षा भारी वाचायची. लग्नानंतर सात महिन्यांत नवऱ्यानं तिला रिक्षातून आणून दारात सोडली, तेव्हा तो रिक्षावाल्याशी काय बोलला ते तिनं रिक्षाच्या आरशात वाचलं होतं. मला सांगितलं, "आप्पा, त्यो म्हणाला, माल परत द्यायला आलोय."

मी तिला आमच्याच शेडमध्ये कांड्या भरायला लावली. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसणारी सुताची नळी. मशीनवर एका वेळी बारा कांड्या फिरतात, भरली की काढायची, रिकामी लावायची. तिला ते काम जमलं आणि त्याचं कारण तिनंच एकदा सांगितलं.

"हितं म्हातारीचा आवाज येत न्हाई रे. मागच तिला गप करत्यात."

अकरा वर्षं ती त्या खडखडाटात सुखात होती. सुखात हा शब्द मी विचार करून लिहितोय.

मग पुण्याहून केतकी मॅडम आल्या. वय तिशीचं, बोलणं मऊ, पायात साध्या चपला. त्यांच्या कंपनीला सरकारनं काम दिलं होतं. वेड लागलेल्या माणसाला लोक घाबरतात, घर देत नाहीत, कामावर ठेवत नाहीत, हे बदलायचं. भाषणांनी ते बदललं नव्हतं. म्हणून त्यांनी ठरवलं, की लोकांना अकरा मिनिटं त्या माणसाच्या डोक्यातच नेऊन बसवायचं. डोळ्यांवर हेडसेट चढवला की तुम्ही तुम्ही राहत नाही. तुम्हाला त्याचे हात दिसतात, त्याचं घर दिसतं, त्याच्या कानातलं ऐकू येतं.

पुण्यामुंबईतले रुग्ण त्यांना मिळाले होते. कष्टकरी बाई हवी होती. मिरजेच्या डॉक्टरांनी वैजंताचं नाव दिलं.

मॅडमनी आमच्या चुलीपुढं बसून सगळं समजावलं. माणूस मनातल्या मनात बोलतो, तेव्हा मेंदूचा एक भाग दुसऱ्याला आधीच कळवून ठेवतो, की हे बोलणं आपलंच आहे, दचकू नको. या आजारात तो निरोपच पोचत नाही. मग स्वतःचंच बोलणं परक्याच्या आवाजात ऐकू येतं, आणि मेंदूच्या दृष्टीनं ते खरंच ऐकू येतं. कानामागं बसवायची एक पट्टी त्यांनी दाखवली. म्हातारी बोलायला लागली की मेंदूत जी लहर उठते, ती ही पट्टी टिपते आणि वेळ नोंदवते. जोडीला कॅमेऱ्याचा चष्मा. चाळीस दिवस दोन्ही घालून हिंडायचं. नंतर वैजंताला समोर बसवून एकेक आवाज जुळवायचा. जाड कर, बारीक कर, अजून म्हातारा कर, ती "ह्योच" म्हणेपर्यंत.

"आणि आम्ही दिसणार व्हय त्यात?" जेवणाच्या सुट्टीत मॅडम शेडमध्ये आल्या तेव्हा बरकूनं विचारलं. बरकू माझा लंगोटीयार, शेजारच्या आठ मागांवरचा कामगार.

"चेहरे आम्ही बदलतो दादा. ओळखू येणार नाही. आणि तुमचं बोलणं रेकॉर्डच होत नाही, आवाज काढून टाकला आहे." मॅडमनी कागद पुढं केला. त्यावर तसं छापलं होतं.

आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. आवाज नाही म्हटल्यावर कशाची भीती? जन्मभर बिनआवाजाचं बोललेली माणसं आम्ही, आणि आवाज नाही म्हणून निर्धास्त झालो. एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. पुण्याच्या माणसांना कळायचं कारणच नव्हतं. त्यांच्या लेखी ती नुसती हलणारी तोंडं होती.

चष्मा घालून पंधरा दिवस झाले असतील, वैजंता घरी जेवताना म्हणाली, "आप्पा, शेडमधली माणसं माझ्याबद्दल बोलायल्यात."

"म्हातारी म्हणती काय तसं?"

"म्हातारी न्हाई. माणसं. ओठांनी." तिनं भाकरी खाली ठेवली. "बरकू म्हणाला, येडीच्या अंगाला वास येतोय. पलीकडच्या मागावरची साळवीण म्हणाली, तिच्या हातची कांडी लावली की सूत तुटतंय. पयल्यापासनं बोलत्यात. मीच सांगितलं न्हाई."

माझी बायको उज्वला भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, खरंच बोलत असतील की. इचारा तरी एकदा."

"तू गप. तुला काय कळतंय त्यातलं?"

मी विचारलं नाही. मी तिला मिरजेला नेलं.

डॉक्टर चांगला माणूस. शिव्या त्याला द्यायच्या नाहीत. त्यानं तिला विचारलं, कोण कोण बोलतं. तिनं बोटांवर मोजून सात नावं सांगितली. शेवटी माझ्याकडं न बघता म्हणाली, "आप्पाबी बोलतो."

मी हसलो. "मी? डॉक्टर, सख्खा भाऊ हो मी. अकरा वर्षं सांभाळतोय हिला. शेडमध्ये तर तसं कुणीच बोलत न्हाई. सगळी घरच्यासारखी माणसं."

डॉक्टरनं लिहून घेतलं. आजार रूप बदलतो, म्हणाला. आधी कानाला ऐकू यायचं, आता डोळ्यांना दिसायला लागलं. त्यानं गोळी वाढवली आणि तिला एक युक्ती शिकवली. कुणाच्या ओठांवर स्वतःबद्दल काही दिसलं, की अंगठा एकेका बोटाला लावायचा. पहिलं बोट, दुसरं, तिसरं, करंगळी, परत मागं. मनात म्हणायचं, खरं नाही, खरं नाही. थोड्या वेळानं आपोआप थांबतं.

वैजंता शहाणी पोरगी. सांगितलेलं मनापासून करायची. शेडमध्ये बारा कांड्या फिरत असायच्या आणि तिचा अंगठा बोटांवरून फिरत असायचा. त्यात वाढलेल्या गोळीनं हात कापायला लागले. भरलेली कांडी वेळेवर निघेना, सूत गुंतायला लागलं. दोन महिन्यांत मालक म्हणाला, "आप्पासो, तिला घरात बसीव."

घरात माग नाहीत. घरात म्हातारीला गप करायला कुणी नाही.

त्या दोन महिन्यांत मॅडमचं काम मात्र पुरं झालं. वैजंताचा तो अनुभव पुढं पुण्यात, नागपुरात, दिल्लीत गाजला. कॉलेजची पोरं हेडसेट काढून हुंदके देताना पेपरात फोटो आले. दया वाढली, म्हणे, इतके टक्के. मी मॅडमना फोनवर विचारलं, "दया वाढली, मग आता अशा बाईला भाड्यानं खोली देतील का लोक?" त्या खरं बोलल्या. तो प्रश्नसुद्धा फॉर्मात होता. अनुभव घेतल्यावर रडणारे वाढले आणि शेजारी राहू देतो म्हणणारे आधीपेक्षा कमी झाले. डोक्यात एवढं चालतं हे कळल्यावर माणसं आणखी लांब सरकली. कंपनीनं पहिला आकडा छापला. दुसरा ठेवला कपाटात.

म्हणजे अकरा मिनिटं दुसऱ्याच्या दुःखात बसायचं, डोळे पुसायचे, आणि खुर्ची उचलून लांब मांडायची. तरीही म्हणेन, पुण्याची माणसं बरी. त्यांनी निदान तिला पाहिलं नव्हतं.

श्रावणात तो हेडसेट आमच्या गावात आला. ज्या गावची बाई त्या गावात दाखवायचा, असं मॅडमच्या मनात होतं. आमच्या पेठेत त्याला टोपरं म्हणायला लागले, तान्ह्या पोराला घालतात तसं. समाजमंदिरात सहा खुर्च्या, सहा टोपरी. पहिला दिवस शेडमधल्या पुरुषांचा, दुसरा बायकांचा. वैजंताला बोलावलं होतं. ती आली नाही, उज्वलाजवळ घरी बसली.

मी सहाव्या खुर्चीवर होतो. टोपरं चढवलं.

आधी आमचंच घर दिसलं, पण खालून, जमिनीवर बसून दिसतं तसं. मग म्हातारी बोलली. डाव्या कानात, इतक्या जवळून, की मी मान वळवली. "ऊठ. बस. ऊठ. टाक त्यो घास." मला दरदरून घाम आला. अकरा वर्षं मी हिला सांगत होतो, दुर्लक्ष कर. याच्याकडं दुर्लक्ष कसं करायचं?

मग शेड आली. मागांचा खडखडाट त्यांनी वेगळा टिपून होता तसा बसवला होता आणि त्यात म्हातारी खरंच बुडाली. मला हायसं वाटलं. समोर बारा कांड्या फिरत होत्या, माझ्या हातांच्या जागी वैजंताचे हात होते. कडेला माणसं उभी होती. चेहरे परके, कुठल्याशा बाजारातून आणल्यासारखे गुळगुळीत. पण तोंडं आमची होती. मॅडमनी नंतर सांगितलं, की तोंडाची हालचाल खोटी असली तर बघणाऱ्याचा मेंदू लगेच ओळखतो आणि सगळं सोंग वाटायला लागतं. म्हणून चेहरे बदलले आणि हालचाल मूळची ठेवली.

पहिल्या मागावरचा परका चेहरा म्हणाला, येडीच्या अंगाला वास येतोय.

उभं राहायची ढब बरकूची. माग बरकूचा.

पलीकडची बाई म्हणाली, हिच्या हातची कांडी नको मला. तिसरा म्हणाला, नवऱ्यानं उगीच सोडली काय? चौथ्यानं हात करून दाखवलं ते मी लिहीत नाही. सगळे तिच्यापासून आठ-दहा पावलांवर उभे राहून, तोंडं पूर्ण उघडून बोलत होते. ती मान खाली घालून कांड्या भरते म्हणजे बघत नाही, असं धरून. येडीला ओठ कुठं वाचता येतात, असं धरून. लहानपणापासून आमच्यात वाढलेली पोरगी डोक्यानं आजारी पडली, तर तिचे डोळे गेले असं आम्हाला कुणी सांगितलं होतं?

मग कांडी मशीनच्या कोपऱ्यातून एक माणूस आला. गुळगुळीत चेहरा. डाव्या हातात पान्हा, आणि त्या हाताला करंगळी नाही. माझी करंगळी एकोणिसाव्या वर्षी मागात गेली.

बरकूच्या ओठांनी त्याला विचारलं, किती दिस सांभाळणार रे हिला?

तो माणूस म्हणाला, मरंपर्यंत. पण मरत पण न्हाई लवकर.

आणि हसला. माझं हसणं त्या परक्या चेहऱ्यावर नीट बसलं होतं.

मला आठवत नव्हतं, असं सांगितलं तर खोटं ठरेल. मिरजेला डॉक्टरपुढं बसलो होतो तेव्हासुद्धा आठवत होतं. फक्त तिनं ते वाचलं असेल, हे मी स्वतःला मानू दिलं नाही. तिला खोटं ठरवलं की मी खरा उरत होतो.

त्या माणसाचं वाक्य संपताच पुढच्या दिवसांतलं चित्रण जोडलं होतं आणि कांड्यांच्या कडेला वैजंताचा अंगठा हलायला लागला. पहिलं बोट, दुसरं, तिसरं, करंगळी. पुण्याच्या पोरांना ते आजाराचं लक्षण वाटलं असणार. याच ठिकाणी सगळ्यात जास्त माणसं रडतात, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

टोपरं काढलं. समाजमंदिरात एकाच्याही डोळ्यात पाणी नव्हतं. जो तो जमिनीकडं बघत होता, कारण वर बघितलं की दुसऱ्याचं तोंड दिसणार.

बाहेर चहाच्या गाड्यावर बरकूनं मला गाठलं. मागं पाच-सहा जण.

"आप्पासो, हे बंद कर."

"मी कसा करू?"

"सही तुझी हाय. पालक म्हणून. तू काढून घेतो म्हणालास की त्यांना पुसावं लागतंय सगळं, कागदावरच हाय तसं." त्याचा आवाज खाली आला. "उद्या बायकांचा नंबर हाय गा. माझी बायको बघणार. तुझी बघणार."

"तवा बोलताना कळलं न्हाई?"

"तू मला शिकवू नगंस," बरकू म्हणाला. "सगळ्यात वंगाळ कोण बोललंय, ते सगळ्यांनी वाचलंय."

दुसऱ्या एकानं मान हलवली. तो आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाला, सख्खा भाऊ.

मी तिथंच ठरवलं. वैजंता खरी होती याचा जगात एकच पुरावा होता, आणि तो त्या टोपऱ्यात होता. तो डॉक्टरला दाखवता आला असता. तिची गोळी कमी झाली असती, हात स्थिर झाले असते, ती परत मागांच्या आवाजात जाऊन बसली असती. हे मला त्या चहाच्या गाड्यावर उभ्या उभ्या स्वच्छ कळत होतं. आणि उद्या उज्वला तिसऱ्या नाहीतर चौथ्या खुर्चीवर बसेल आणि पान्हा धरलेला हात बघेल, हेही कळत होतं.

मी आत गेलो. केतकी मॅडम वायरी गुंडाळत होत्या.

"मॅडम, मला संमती मागं घ्यायची हाय."

त्यांनी हातातली वायर खाली ठेवली. "का हो दादा? काही चुकलं का आमचं?"

"तिला त्रास होतोय. गावात तोंड दाखवाय नको झालंय तिला."

"वैजंताताईंना विचारलंत?"

"तीच म्हणाली."

सही घेताना आणि पुढं चाळीस दिवस तिला शंभर वेळा विचारलं होतं. पुसताना कुणी विचारलं नाही. कायद्यानं गरज नव्हती. मॅडमची दोन वर्षं त्यात गेली होती. त्यांनी दोनदा विचारलं, कुठंच काही उरणार नाही, मूळ चित्रणसुद्धा नाही, नक्की ना? मी म्हणालो, नक्की. पडद्यावर एक रेघ भरत गेली आणि संपली. बारा मिनिटं लागली. अनुभवापेक्षा एक मिनिट जास्त.

तीन दिवस मी शेडमध्ये कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही. चौथा दिवस सुट्टीचा. दुपारी घरी जेवण झालं होतं. गल्लीतले माग बंद, त्यामुळं इतकी शांतता की पाण्याच्या पिंपावर बसलेल्या चिमणीचा आवाज येत होता. वैजंता भिंतीला टेकून बसली होती, नजर माझ्याकडं पण माझ्यापर्यंत न पोचणारी. मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

"वैजे."

"काय रे आप्पा?"

"तू खरं बोलत होतीस." तिच्या कानात म्हातारी असणार, म्हातारीच्या वरताण ओरडून काही उपयोग नाही, म्हणून मी आवाजाबरोबर ओठसुद्धा सावकाश, स्वच्छ हलवले, आपल्या पद्धतीनं. "शेडमध्ये बोलत होते. बरकू बोलला. साळवीण बोलली. मीबी बोललो. तू वाचलंस ते सगळं बरोबर होतं. मला माफ कर."

तिनं माझं तोंड नीट, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. मग तिचा अंगठा पहिल्या बोटाला लागला.

"तसं नगं करूस. वैजे, ह्ये खरं हाय. मी हितं हाय, मी बोलायलोय."

दुसरं बोट. तिसरं.

ती आत वळून म्हणाली, "वहिनी, मला परत दिसायला लागलंय. आप्पा माफी मागायलाय असं दिसलं. डॉक्टरला सांगावं लागंल. गोळी कमी पडायलीय."

उज्वला पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं आधी वैजंताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुम्ही काय बोललासा काय तिला?"

या वेळी मी खोटं बोललो नाही. सगळं सांगितलं. डॉक्टरपुढं काय म्हणालो ते, टोपऱ्यात काय दिसलं ते, ते वाक्य जसंच्या तसं, आणि ते हसणं. सही केली, पुसून टाकलं, तेही. उज्वला एकेक ऐकत खाली बसत गेली. आणि बोलत असताना पूर्ण वेळ वैजंताचे डोळे माझ्या ओठांवर होते, अंगठा करंगळीपर्यंत जायचा आणि परत यायचा, जायचा आणि परत यायचा.

सांगायचं संपलं. मी तोंड मिटलं.

वैजंतानं थोडा वेळ वाट बघितली. मग तिचा अंगठा थांबला. पुष्कळ दिवसांनी ती जराशी हसली आणि उज्वलाचा हात धरून म्हणाली,

"थांबलं बघ, वहिनी. डॉक्टर म्हणाले तसं केलं की थांबतंय."